प्लेसमेंट झालं काय, सर?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एक जागतिक विक्रम झाला. ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत, मध्ये न थांबता, आणि गिनेस बुकात नोंद. वऱ्हाडात काम वेळेत झाल्याचंच कुणाला फारसं आठवत नाही. इथे तर घड्याळ लावून विक्रम झाला होता. त्यामुळे बरेच दिवस लोकांचा विश्वासच बसला नाही. त्याच सुमारास अकोल्याच्या एका सरांची फाईल अमरावतीला निघाली होती. रस्ता तोच, मध्ये तेच मूर्तिजापूर आणि तेच बडनेरा. डांबर साडेचार दिवसांत पडलं. फाईलच्या प्रवासात सरांच्या मुलीचं लग्न झालं, जावयाची बदली झाली, नातवाचं बारसं जेवून झालं. फाईल कुठवर आली असं विचारलं की वरून एकच उत्तर यायचं, "प्रोसेसमध्ये आहे."

ही फाईल 'कॅस'ची. करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम. इतर नोकऱ्यांत माणूस वर जायचा तर वरची जागा आधी रिकामी व्हावी लागते. कुणी निवृत्त होतं, कुणाची बदली होते, कुणी थेट वैकुंठाला जातं. कॉलेजात तसं नाही. प्राध्यापक त्याच खुर्चीवर, त्याच कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बसलेला असतो आणि वेतनश्रेणी तेवढी वर सरकते. असिस्टंट प्रोफेसर म्हणून लेव्हल १० ला लागायचं, मग ११, मग १२, मग १३-ए ला असोसिएट प्रोफेसर आणि देव पावला तर १४ ला प्रोफेसर. सरकारी कागदात याला स्थाननिश्चिती म्हणतात, चहाच्या टपरीवर प्लेसमेंट. इंजिनिअरिंगच्या पोरांचं प्लेसमेंट बाविसाव्या वर्षी होतं. सरांचं पन्नाशीत होतं, आणि तेही ज्या कॉलेजात ते पंचवीस वर्षांपासून आहेत त्याच कॉलेजात.

अमरावतीतली आमची गल्ली सगळी प्राध्यापकांची. मी तेवढा बँकेतून निवृत्त झालेला, त्यामुळे गल्लीत माझं स्थान निश्चित आहे, ते म्हणजे ऐकणाऱ्याचं. आमच्या बँकेत प्रमोशन फार सरळ होतं. परीक्षा द्या, पास व्हा आणि पार टोकाच्या सिरोंच्याला जा. सिरोंचा नको असेल तर प्रमोशनही नको. प्राध्यापकांच्या वाटेत सिरोंचा नाही, पण कागद आहे. सकाळी मालटेकडीकडे फिरायला निघालेल्या माणसांत साखर किती, बीपी किती हे बोलणारे ते बाकीच्या खात्यांतले. "सर, तुमचा स्कोअर किती भरला?" असं विचारणारे आमच्या गल्लीतले.

हा स्कोअर आला २०१० साली. त्या वर्षीच्या जूनअखेर विद्यापीठ अनुदान आयोगाने नवे नियम काढले आणि त्यात एपीआय नावाचं मोजमाप आणलं. शिकवण्याला जास्तीत जास्त १२५ गुण, त्यात किमान ७५ पाहिजेत. अभ्यासेतर उपक्रमांना ५० पैकी किमान १५. संशोधनाचा रकाना वेगळा. तोवर प्राध्यापक मंडळी आयुष्यभर दुसऱ्यांना गुण देत आली होती. पेपर तपासताना "विस्तार कमी, २ गुण वजा" असं लाल शाईने लिहिणाऱ्या हाताला आता स्वतःचेच गुण स्वतः मांडायचे होते. आणि काय सांगू राजेहो, स्वतःची उत्तरपत्रिका तपासताना वऱ्हाडातल्या प्राध्यापकाने जी उदारता दाखवली, ती त्याने कधी बी.ए. भाग एकच्या पोराला दाखवली असती तर विद्यापीठाचा निकाल शंभर टक्के लागला असता!

उपक्रमांचे गुण मिळवायचे तर समित्या हव्यात. म्हणून समित्या झाल्या. आमच्या ओळखीच्या एका कॉलेजात उपाहारगृह समिती आहे, उपाहारगृह नाही. पार्किंग समिती आहे. पार्किंग म्हणजे कडुनिंबाखालची जागा, आणि तिथे गाडी कुठे लावायची हे कडुनिंब ठरवतो. पुढे २०१८ च्या नियमांत गुणांऐवजी शेरे आले. तीन उपक्रमांत सहभाग असला की 'चांगला', एक-दोन असले की 'समाधानकारक'. मग प्राचार्यांनी हिशेब लावला. माणसं इतकी, प्रत्येकी समित्या तीन, म्हणजे एकूण समित्या इतक्या. नावं सुचेनात तेव्हा तक्रार निवारण समिती आणि तक्रारपेटी समिती वेगवेगळ्या केल्या. दोन्हींचे अध्यक्ष एकमेकांच्या समितीत सदस्य. पेटीची किल्ली कुणाकडे, यावरून झालेली एकमेव तक्रार अजून निवारलेली नाही.

पण खरा बहर आला तो परिषदांना. तिवसा म्हणू नका, तेल्हारा म्हणू नका, जिथे म्हणून सभागृहाला चार भिंती होत्या तिथे एकदिवसीय राष्ट्रीय परिषद झाली. भाषण देणाऱ्यालाही गुण असतात, आणि ते अंतरावर ठरतात. २०१८ च्या तक्त्याप्रमाणे परदेशात भाषण दिलं तर ७, देशातल्या देशात पण आंतरराष्ट्रीय परिषदेत दिलं तर ५, राष्ट्रीय असेल तर ३, राज्याच्या किंवा विद्यापीठाच्या पातळीवर २. आता अमरावती जिल्ह्याला मध्य प्रदेशाची हद्द चिकटलेली. तिकडून एक पाहुणे आणले की परिषद राष्ट्रीय. बैतूलचे सर या काळात इतके फिरले की परतवाड्याच्या एसटी स्टँडवर त्यांना रुमालाने जागा धरून ठेवणारे लोक होते. आंतरराष्ट्रीय करायची तर पडद्यावर कुणाचा तरी पुण्यातून अमेरिकेला गेलेला भाचा. तिकडे रात्रीचे दोन वाजलेले, तो गळ्यात टाय आणि खाली हाफपँट घालून हवामान बदलावर बोलतो. इकडे आवाज येत नाही. संयोजक माईकवर सांगतात, "सर, यू आर म्यूट." या वाक्यावर परिषदेचं आंतरराष्ट्रीय सत्र संपतं आणि जेवणाची रांग लागते. वांग्याची भाजी, पोळी, मठ्ठा आणि जिलबी. राष्ट्रीय परिषदेत जिलबीच्या जागी बुंदी असते. माझ्या पाहण्यात एवढाच फरक आला.

परिषदेत पेपर वाचायला पाच मिनिटं मिळतात. त्यातली तीन व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेण्यात जातात. उरलेल्या दोनमध्ये 'वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या: कारणे व उपाय' हा विषय सांगून संपवायचा. मी एकदा गल्लीतल्या सरांबरोबर गेलो होतो. त्या दिवशी त्या एका दालनात तीन जणांनी हाच विषय मांडला. कारणं तिघांचीही सारखी होती, उपायही सारखे. बाहेर चहाला एक म्हातारा शेतकरी उभा होता, सभागृहाचा मंडपवाला त्याचा मुलगा. त्याला मी विचारलं, "काय बाबा, ऐकलं का आत?" तो म्हणाला, "ऐकलं नं. समदं बरोबर सांगतात. तुरीचा भाव तेवढा नाई सांगितला कोनी."

छापून आलेल्या पेपरचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. जर्नल पाहिजे, त्याला आयएसएसएन नंबर पाहिजे, आणि ते आयोगाच्या यादीत पाहिजे. २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली. लगेच पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी शिफारस केलेली १,००९ नियतकालिकं तपासून 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त सुमार आहेत. मे २०१८ मध्ये आयोगाने यादीतून ४,३०५ नावं उडवली. आमच्या समोरच्या सरांनी ती यादी छापून घेतली आणि अंगणात खुर्ची टाकून, वर्तमानपत्रात बोर्डाचा निकाल बघावा तशी बोट फिरवत पाहिली. एका ठिकाणी बोट थांबलं. त्यांचं जर्नल गेलं होतं. काकू आतून विचारत होत्या, "कोण गेलं?" सरांनी हात जोडून वर पाहिलं. पुढे २०१९ मध्ये 'केअर' नावाची नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. आता बऱ्यावाईट जर्नलची पारख तुमची तुम्हीच करा म्हणे. म्हणजे सर लिहायला बसले तेव्हा जर्नल यादीत होतं, पाठवलं तेव्हा यादी नवी होती आणि छापून आलं तेव्हा यादीच नव्हती. समितीपुढे कोणती तारीख धरायची, या विषयावर एक चांगला पेपर होईल.

आता मी बँकेतला माणूस. हिशेब दिसला की डोकं घालतो. एकदा सरांच्या टेबलावर २०१८ चा तक्ता उघडा होता. कला शाखेत एका पेपरला १० गुण, विज्ञानात ८. ठीक. दोघांनी मिळून लिहिला तर? प्रत्येकाला ७० टक्के. मी चष्मा पुसला. दोघांना सत्तर-सत्तर, म्हणजे एका पेपरचे एकशे चाळीस टक्के झाले! दोनाहून जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्या प्रत्येकाला ३०. म्हणजे पाच जणांनी मिळून लिहिला तर १९०, दहा जणांनी लिहिला तर ३४०. शंभरावर थांबतो तो फक्त एकटा बसून लिहिणारा. असं खातं आमच्या शाखेत निघालं असतं तर ऑडिटरने दरवाजे लावून घेतले असते. आधीच्या, म्हणजे २०१० च्या नियमांत मुख्य लेखकांना मिळून ६० आणि बाकीच्यांना मिळून ४० असं होतं. बेरीज शंभर यायची, आणि त्या काळात माणसं भागीदारीवरून भांडायची. आता कुणी भांडत नाही. प्रोफेसर व्हायला ११० गुण लागतात, आणि गल्लीतले दोन सर, एक राज्यशास्त्राचे आणि एक गृहअर्थशास्त्राच्या मॅडमचे यजमान, यांनी गेल्या पाच-सहा वर्षांत इतकं एकत्र लेखन केलं आहे की त्यांच्या घरांमधलं कुंपण काढून टाकावं असं मला वाटतं.

करोनाच्या उन्हाळ्यात तर कारखानाच सुरू झाला. बाहेर अकोल्याचं ऊन, पारा पंचेचाळीसच्या वर, रस्त्यावर पोलीस, आणि घरात कूलरसमोर बनियनवर बसलेले सर सात दिवसांचा ऑनलाईन फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम करत आहेत. कॅमेरा बंद. वक्ता गुवाहाटीहून बोलतोय, सर आंबे पिळताहेत. मध्ये हजेरीची लिंक येते, तेवढ्यापुरता हात धुवायचा. त्याच काळात कुणीही कुठल्याही विषयावर प्रश्नमंजूषा काढायचं. चाळीस टक्के पडले की ई-मेलवर सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. अर्थशास्त्राच्या सरांकडे डेंग्यू जनजागृतीचं आहे, योगाचं आहे, बौद्धिक संपदा हक्कांचं आहे आणि एक मधमाशीपालनाचं. मधमाशी त्यांना चावली ती त्यानंतर, चिखलदऱ्याला. ते प्रमाणपत्र दाखवूनही तिने ऐकलं नाही.

हे सगळं जमलं की फाईल बांधायची. हे दृश्य जवळून बघायचं तर कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जावं. काउंटरवर सर उभे, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तीस वर्षं. नेमणुकीचं पत्र, विद्यापीठाची मान्यता, कायम केल्याचं पत्र, ओरिएंटेशन, रिफ्रेशर, शिबिरातला सत्कार, केंद्रावरच्या परीक्षेच्या कामाचे आदेश, रांगोळी स्पर्धेचे परीक्षक म्हणून आभाराचं पत्र. दुकानदार एकेक कागद काचेवर पालथा टाकतो आणि झाकण न लावताच बटण दाबतो. हिरवा उजेड सरांच्या चेहऱ्यावरून सरकतो. तीन प्रती. प्रत्येक पानावर स्वतःची सही, की हे खरं आहे. मग रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या. जोडपत्र ७-अ, ७-ब. मग स्पायरल. जाडी इतकी होते की मोठी वेटोळीही पुरत नाहीत, दोन भाग करावे लागतात. दुकानदार अनुभवी. तो पानं न मोजता नुसतं हातावर तोलून सांगतो, "सर, हे असोसिएटचं वजन हाय. प्रोफेसरसाठी अजून थोडं लागते." त्याचा अंदाज चुकल्याचं मी तरी ऐकलं नाही. समितीऐवजी त्यालाच बसवलं तर वेळ वाचेल.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आमच्या गल्लीत माझं चहापाणी बंद होईल. हा हिशेब हास्यास्पद आहे हे प्राध्यापकांना चांगलं माहीत आहे, आणि तरीही आकडा जाऊ नये असं त्यांतल्या बऱ्याच जणांना वाटतं. कारण आकड्याच्या आधी काय होतं ते त्यांनी पाहिलंय. तेव्हा गोपनीय अहवाल होता. संस्थाचालक दादासाहेबांच्या घरच्या लग्नात पंगतीत कोण वाढत होतं आणि कोण नुसतं जेवून गेलं, हे त्या अहवालात न लिहिताही वाचता यायचं. इतिहासाच्या मॅडम आमच्या शेवटच्या घरात राहतात. त्या सीनियर स्केलच्या मुलाखतीला गेल्या तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठाने त्यांना वऱ्हाडच्या इतिहासावर एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "मिस्टर काय करतात?" मिस्टर शेती करतात म्हटल्यावर, "मग तुम्हाला कशाला हवी एवढी घाई?" मॅडम म्हणतात, "आकडा मूर्ख आहे, मान्य. पण आकडा माझ्या नवऱ्याची चौकशी करत नाही." मला यावर उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

अमरावतीत हे प्रश्न हलक्यात घेत नाहीत, याचंही कारण आहे. आमचं विद्यापीठ झालं १ मे १९८३ ला. त्याआधी सगळा कारभार नागपूरला. शिक्षकांच्या संघटनेचं नाव त्या काळातलं, नागपूर युनिव्हर्सिटी टीचर्स असोसिएशन, म्हणजे नुटा. तिचं बुलेटिन अमरावतीहून निघतं. पदवीधर मतदारसंघातून वर्षानुवर्षं विधान परिषदेत गेलेले बी. टी. देशमुख या संघटनेचे, आणि त्यांनी प्राध्यापकांना शासन निर्णय असा वाचायला शिकवला की इथला भौतिकशास्त्राचा सरसुद्धा परिच्छेद आणि उपपरिच्छेद तोंडपाठ म्हणतो. बाकीच्या गावात जावयाला पगार विचारतात. इथे 'कुठल्या जीआरप्रमाणे' हेही विचारतात. २०१३ साली ४ फेब्रुवारीपासून १० मेपर्यंत राज्यभरच्या प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, त्यात एक मागणी होती नेट-सेट नसलेल्यांची. १९९१ ते २००० या काळात लागलेली ही माणसं. त्यानंतर २७ जून २०१३ ला शासन निर्णय निघाला की यांच्या सेवा या दिवसापासून नियमित. म्हणजे १९९३ पासून वर्गात उभा राहून शिकवणारा माणूस सरकारी हिशेबाने २७ जून २०१३ ला जन्मला. त्याने मधली वीस वर्षं शिकवलेली पोरं डॉक्टर झाली, तहसीलदार झाली, एक तर सहकारी बँकेत माझा साहेब होऊन आला. प्लेसमेंटचे दिवस मोजताना ती वीस वर्षं कुठे गेली, हे शोधायला मग माणसं कोर्टात गेली. बहिष्काराच्या काळातल्या ७१ दिवसांच्या पगारासाठीही कोर्टातच गेली. आमच्या गल्लीत वकिलाचं घर नाही, पण वकील सगळ्यांचे ठरलेले आहेत.

अमेरिकेत टेन्युअर म्हणून प्रकार आहे. आमच्या साडूचा मुलगा तिकडे शिकवतो. पाच-सहा वर्षं त्याने मान मोडून काम केलं, बाहेरच्या विद्यापीठांतल्या जाणकारांकडून त्याच्या कामावर पत्रं मागवली गेली, मग एका दिवशी ठरलं की याला आता कुणी काढणार नाही. त्या दिवशी तो रडला म्हणे. आपल्याकडे आधी परिविक्षा, मग कायम. रडण्याचा कार्यक्रम त्यानंतर हप्त्याहप्त्याने होतो. त्याला मी कॅसबद्दल सांगितलं. बाहेरून कुणाकडून पत्र मागवतात असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "मागवतात ना. परिषदेला हजर होते असं."

अकोल्याला गेलं की मात्र हे सगळं जरा वेगळं दिसायला लागतं. तिथलं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चं. त्यांचे पदोन्नतीचे नियम वेगळे, पण कागद तिथेही लागतोच. तिथल्या एका निवृत्त कपाशीतज्ज्ञांना मी विचारलं होतं, एक वाण तयार करायला किती दिवस लागतात? ते म्हणाले, दहा-बारा वर्षं. संकर करा, पिढ्या लावा, ठिकठिकाणी चाचण्या घ्या, पाऊस दगा देईल, बोंडअळी येईल, पुन्हा लावा. पीकेव्ही हायब्रीड-२ हे वाण ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर या विद्यापीठातून बाहेर पडलं आणि बीटी कापूस येईपर्यंत विदर्भातल्या कोरडवाहूच्या किती घरांत त्यावर लग्नं उरकली, याचा हिशेब कुठल्याही जर्नलात नाही. बारा वर्षांत एक वाण. बारा वर्षांत आमच्या राज्यशास्त्राच्या सरांचे पेपर किती होतात ते मी सांगत नाही. कुंपण पाडायची वेळ येईल. दरवर्षी शिवार फेरीला शेतकरी ट्रॅक्टरने, एसटीने येतात, ताटव्यात उकिडवे बसतात, झाडाचं पान उलटं करून बघतात आणि शास्त्रज्ञाला सरळ तोंडावर विचारतात, "साहेब, हे तुमच्या वावरात येते, आमच्या वावरात कावून येत नाई?" एवढं कडक परीक्षण कुठल्याही समितीने केल्याचं माझ्या कानावर नाही. पण त्या शेतकऱ्याकडे लेटरहेड नसतं.

आणि आता हे सगळं पुन्हा बदलायचं घाटतंय. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला. गुणांचा तक्ता रद्द. त्याऐवजी उल्लेखनीय योगदानाची नऊ क्षेत्रं, त्यांतल्या निदान चारांत काहीतरी करून दाखवा. नावीन्यपूर्ण अध्यापन, भारतीय भाषांतून शिकवणं, भारतीय ज्ञानपरंपरा, विद्यार्थ्यांची इंटर्नशिप, समाजसेवा, प्रयोगशाळा उभारणं, निधी आणणं, ऑनलाईन अभ्यासक्रम, आणि स्टार्ट-अप. मसुदा आला त्या आठवड्यात गल्लीत कुणी झोपलं नाही. ज्यांचे ११० भरत आले होते त्यांचे चेहरे नोटाबंदीच्या रात्री आमच्या खातेदारांचे होते तसे झाले.

मी तो मसुदा वाचला आणि मला आमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलंय त्यांची आठवण झाली. शेणगावचा डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. समजा त्यांचा अर्ज आला असता. कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचं, हे नावीन्यपूर्ण अध्यापन झालं. भाषा वऱ्हाडी, म्हणजे भारतीय भाषांचा मुद्दा निघाला. खराट्याने गाव झाडायचं, समाजसेवा झाली. गावकऱ्यांच्या हातीही खराटा द्यायचा, ही इंटर्नशिप. चार मुद्दे पूर्ण! पण छाननीत अर्ज परत आला असता. पीएच.डी. नाही हा मुद्दा वेगळा, तो नंतर आला असता. पहिली त्रुटी अशी की कामाचे जिओ-टॅग केलेले फोटो जोडलेले नाहीत. बाबा गाव झाडून झालं की पुढच्या गावाला निघून जायचे, फोटोला थांबायचे नाहीत. आमच्याकडे फोटोला थांबणारे पुष्कळ आहेत. खराट्याचं काय करायचं, एवढाच प्रश्न उरतो.

गल्लीत या मसुद्यावर बैठक बसली ती राज्यशास्त्राच्या सरांच्या गच्चीवर. गिला वडा मागवला होता. मसुदा समजावून सांगायला कुणाला बोलवावं? तर आमच्या सीएचबीवाल्या पोराला. पोरगा कसला, चाळिशीला टेकलाय. नेट आहे, सेट आहे, पीएच.डी. आहे, नोकरी नाही. तासिका तत्त्वावर शिकवतो. शिकवलेल्या तासाचे पैसे, तेही कधी दिवाळीला, कधी होळीला, आणि उन्हाळ्यात कॉलेज त्याला ओळखत नाही. समित्या त्याला आहेत, शिडी नाही. त्याला कॅस लागूच नाही, आणि म्हणूनच की काय, गल्लीतल्या सगळ्यांच्या कॅसच्या फायली त्यानेच बनवल्या आहेत. कुठल्या वर्षीचं परिपत्रक कुठल्या तारखेला लागू, रिफ्रेशर कुठलं चालतं, कुठलं नाही, हे त्याला विचारायचं. तीन प्राचार्य त्याला फोन करतात. एवढा जाणकार माणूस वरच्या कार्यालयात बसवला असता तर अकोल्याच्या सरांची फाईल मूर्तिजापूरच्या अलीकडेच निकाली निघाली असती.

त्याने मसुदा वाचून दाखवला. बाकीचे आठ मुद्दे कसेबसे पचले. स्टार्ट-अप म्हटल्यावर सगळे वड्याकडे बघायला लागले.

"म्हणजे आम्ही आता धंदा काढायचा?" राज्यशास्त्राचे सर म्हणाले.

"कंपनी रजिस्टर पाह्यजे सर," तो म्हणाला. "तुमी प्रमोटर पाह्यजे. अन् कोनीतरी पैसे लावले पाह्यजे."

"या वयात कंपनी कुठून आणू?"

"आणाची कायले? चालूच हाय नं. तुमच्या फायली बनवते ते काय हाय मंग? मी काम करतो, काका पैसे लावतात." हे काका म्हणजे मी. मला ठसका लागला. "तुमी नुसते सही करा. नऊपैकी एक तुमचं झालं, समजा."

सरांनी रुमालाने बोटं पुसली. थोडा विचार केला. माणूस राज्यशास्त्राचा, वाटाघाटीत मुरलेला.

"अन् कंपनीत हिस्सा कसा राहील मग?"

"सत्तर-सत्तर," तो म्हणाला.